घरचं इंटरनेट परवडावं म्हणून: पुण्यातल्या कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्याच्या पगारात किराणा, घरभाडं आणि शाळेची फी बसवल्यावर इंटरनेटसाठी फारसं काही उरत नाही, अशा घरांसाठी ही माहिती आहे. पुणे शहर आणि नव्याने समाविष्ट झालेली गावं डोळ्यासमोर ठेवली आहेत. दर बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याआधी ते स्वतः तपासून घ्या.

कमी उत्पन्नाच्या घराला इंटरनेटच्या बिलासाठी सरकार पैसे देतं का?

हे लिहीत असताना तरी नाही. घरगुती इंटरनेटचं बिल थेट भरणारी योजना ना केंद्राची आहे, ना महाराष्ट्राची, ना महापालिकेची. रेशनकार्ड पिवळं असो वा केशरी, त्यावर कुठलीही कंपनी सवलत द्यायला बांधील नाही.

हा विचार सरकारी पातळीवर झालाच नाही असं मात्र नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ऑगस्ट २०२१ मध्ये शिफारस केली होती की ग्रामीण ग्राहकांना वायरच्या ब्रॉडबँडच्या मासिक शुल्काची निम्मी रक्कम, जास्तीत जास्त २०० रुपये, थेट बँक खात्यात द्यावी. ती शिफारसच राहिली. अमलात आली असती तरी तिचा रोख ग्रामीण भागाकडे होता, पुण्यातल्या वस्त्यांना तिचा उपयोग झाला नसता. केरळ सरकारने ५ जून २०२३ रोजी के-फोन हे स्वतःचं फायबर जाळं सुरू केलं आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना मोफत जोडणी द्यायचं ठरवलं. म्हणजे इच्छा असेल तर राज्य हे करू शकतं. महाराष्ट्रात ते अजून झालेलं नाही, ही मागणी लावून धरण्यासारखी आहे.

यूट्यूबवर ‘दरमहा ३० डॉलर इंटरनेट अनुदान’ असे व्हिडिओ दिसतात. ते आपल्याला लागू आहेत का?

नाहीत. ती अमेरिकेची योजना होती आणि निधी संपल्यामुळे १ जून २०२४ रोजी बंद झाली. तिथे लाइफलाइन नावाची दरमहा ९.२५ डॉलरची जुनी सवलत चालू आहे, पण तीही फक्त तिथल्या रहिवाशांसाठी. अशा व्हिडिओखालच्या लिंकवर आधार क्रमांक भरू नका.

‘सर्वांना मोफत रिचार्ज’ असा मेसेज वस्तीच्या ग्रुपवर आला आहे. अर्ज करावा का?

करू नका. अशा मेसेजमध्ये बहुतेक वेळा ‘दहा जणांना पाठवा’ अशी अट असते, शेवटी एखादं अ‍ॅप उतरवायला सांगतात किंवा ओटीपी मागतात. खऱ्या सरकारी योजनेच्या संकेतस्थळाचा पत्ता बहुतेक वेळा ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ने संपतो. तिची जाहिरात किंवा शासन निर्णय असतो आणि अर्जाला क्रमांक मिळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, तर कधीच उघडू नका. ती फोनमधले बँकेचे मेसेज वाचू शकते. संशयास्पद मेसेज संचार साथी संकेतस्थळावरच्या ‘चक्षु’मध्ये नोंदवा. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

मग प्रत्यक्षात मिळण्यासारखं काय आहे?

मदत आहे, पण ती बिलावर नाही, आजूबाजूने येते. शिकणाऱ्या मुलांसाठी टॅब, डेटा आणि शिष्यवृत्त्या आहेत. घराबाहेर स्वस्त सार्वजनिक वाय-फाय आहे. तक्रारीसाठी मोफत किंवा जवळपास मोफत यंत्रणा आहे. घरात दहावी-बारावीतलं मूल असेल तर आधी पुढचे तीन प्रश्न वाचा, सगळ्यात जास्त पैसा तिथे आहे.

महाज्योतीचा टॅब आणि डेटा कोणाला मिळतो?

महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, म्हणजे महाज्योती, ही नागपूरची राज्य शासनाची संस्था. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, नॉन क्रीमीलेअर गटातल्या मुलांना जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीचं ऑनलाइन प्रशिक्षण देते. निवड झालेल्या विद्यार्थ्याला टॅब आणि रोज ६ जीबी डेटा मिळतो. दहावी उत्तीर्ण होऊन अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतलेली मुलं यासाठी अर्ज करतात.

बहुतेक अर्ज अडतात ते गुणांवर नाही, नॉन क्रीमीलेअरवर. जातीचा दाखला असतो, पण नॉन क्रीमीलेअर प्रमाणपत्र वडिलांच्या नोकरीच्या वेळचं, मुदत संपलेलं निघतं. दहावीची परीक्षा संपली की निकालाची वाट न पाहता ते काढायला टाका.

महापालिकेची दहावी-बारावीची मदत इंटरनेटला वापरता येते का?

येते, कारण रक्कम खात्यात रोख जमा होते आणि शिक्षणासाठी वापरायची असते. दहावीनंतर भारतरत्न मौलाना अबुल कलाम आझाद योजनेत १५,००० रुपये आणि बारावीनंतर साहित्यरत्न लोकशाहीर अण्णाभाऊ साठे योजनेत २५,००० रुपये मिळतात. खुल्या गटाला साधारण ८० टक्के गुण लागतात. मनपा शाळेतली मुलं, मागासवर्गीय अशा गटांना अट ७० टक्क्यांची आहे, दिव्यांग विद्यार्थ्यांना आणखी शिथिल. अर्ज मनपाच्या डीबीटी, म्हणजे थेट खात्यात लाभ देणाऱ्या, संकेतस्थळावर भरायचा. हद्दीत राहत असल्याचा पुरावा लागतो, म्हणून नुकतंच घर बदललेल्या भाडेकरूंनी जुना करारनामा जपून ठेवावा.

१५,००० रुपयांत वर्ष-दोन वर्षांचं साधं फायबर कनेक्शन आरामात निघतं. पैसे आले की त्यातले सहा महिन्यांच्या बिलाएवढे वेगळे काढून ठेवा, नाहीतर ते सणावारात जातात.

गावाहून पुण्यात शिकायला आलेल्यांसाठी काही?

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये आहेत. भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाचं डेटाचं रिचार्ज या निर्वाह भत्त्यातून सुटतं. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे.

अर्ज मंजूर झाला, पण पैसेच आले नाहीत. कुठे अडले?

बहुतेक लोक इथे बँकेच्या फेऱ्या मारतात, आणि बँकेचा शिपाईसुद्धा ‘आधार लिंक आहे’ असं सांगून परत पाठवतो. खात्याला आधार लिंक असणं आणि आधारला खातं सीड असणं, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी ते खातं आधारला जोडलेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थेट लाभाची रक्कम आधार क्रमांकावर जाते, आणि एका आधारला एका वेळी एकच खातं सीड असतं, म्हणजे सर्वांत शेवटी जिथे तशी संमती दिली ते. अर्जात तुम्ही पासबुक कुठलंही जोडा, पैसे त्या सीड झालेल्या खात्यातच पडतात. कुणी दहा वर्षांपूर्वी जनधन खातं काढलं असेल किंवा नवं सिम घेताना पेमेंट्स बँकेला नकळत होकार दिला असेल, तर रक्कम तिथे पडून असते.

आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. बँकेचं नाव आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ असा शब्द दिसला पाहिजे. चुकीची बँक दिसली तर जी बँक हवी तिच्या शाखेत आधार सीडिंगचा फॉर्म द्या, पोचपावती घ्या आणि काही दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा. मुलाच्या नावची योजना असेल तर मुलाचंच आधार तपासायचं, आईवडिलांचं नाही.

उत्पन्नाचा दाखला कसा काढायचा?

‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून घरबसल्या किंवा महा ई-सेवा केंद्रातून. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, रेशनकार्ड, फोटो, स्वयंघोषणापत्र आणि उत्पन्नाचा पुरावा लागतो. पगारदाराला फॉर्म १६ किंवा पगारपत्रक लागतं. बिगारी, घरकाम, रिक्षा अशा कामांत पगारपत्रक नसतं, तिथे तलाठ्यांचा चौकशी अहवाल चालतो. सेवा हमी कायद्यानुसार दाखला १५ दिवसांत मिळायला हवा. नाही मिळाला तर पावतीवरच्या क्रमांकावर त्याच संकेतस्थळावरून अपील करा. केंद्रातले दर भिंतीवर लावलेले असतात, त्यापेक्षा जास्त मागितले तर पावती मागा.

पुण्यात एक चूक सर्रास होते. पत्ता महापालिकेतला म्हणून लोक तालुका ‘पुणे शहर’ निवडतात. पण धायरी, नऱ्हे यांसारखी गावं महापालिकेत असली तरी महसुली दृष्ट्या हवेली तालुक्यात आहेत. तालुका चुकला की अर्ज परत येतो आणि पंधरा दिवस वाया जातात. सातबारा, जुना दाखला किंवा शेजाऱ्याचा दाखला बघून तालुका नक्की करा.

घरात चार मोबाइल आहेतच. वेगळी लाइन घेऊन पैसे वाचतात का?

हिशेब मांडूनच ठरवा. समजा चारही फोनवर साधारण ३०० रुपयांचं, २८ दिवसांचं डेटावालं रिचार्ज आहे. २८ दिवसांमुळे ते वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा मारावं लागतं. एका फोनचे ३,९००, चारचे १५,६०० रुपये.

आता ३९९ रुपयांचा फायबर प्लॅन घ्या. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून महिन्याला सुमारे ४७१, वर्षाला ५,६५० रुपये. ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमामुळे कंपन्यांना डेटाशिवाय फक्त कॉल आणि एसएमएसची रिचार्जं ठेवावी लागतात. ८४ दिवसांचं असं रिचार्ज ४५० रुपयांच्या आगेमागे पडतं, म्हणजे फोनमागे वर्षाला सुमारे २,००० रुपये.

चारपैकी दोनच फोन कॉलवाल्या रिचार्जवर आणले तर एकूण खर्च १७,४५० होतो, म्हणजे उलट वाढतो. तीन फोन आणले तर १५,५५०, जवळपास बरोबरी. चारही आणले तर १३,६५० आणि जवळपास दोन हजारांची बचत. थोडक्यात, निदान तीन फोनांचा डेटा बंद करता येत नसेल तर लाइन पैशांच्या दृष्टीने फायद्याची नाही. डिलिव्हरी किंवा रिक्षा चालवणाऱ्याचा डेटा बंद करता येत नाही, हे लक्षात ठेवा. पण घरात दोन मुलं ऑनलाइन शिकत असतील आणि रोजचा दीड-दोन जीबी संध्याकाळीच संपत असेल, तर त्याच पैशात मिळणारा भरपूर डेटा हेच लाइन घेण्याचं खरं कारण. कॉलवाली रिचार्जं कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये खाली दडलेली असतात. दुकानदाराला ‘डेटा नको, फक्त व्हॉइसचं’ असं स्पष्ट सांगा.

प्लॅन घेताना काय विचारावं?

सर्वांत आधी: जीएसटी धरून हातात किती द्यायचे? त्यानंतर जोडणीचे पैसे, राउटर तुमचा की भाड्याचा, आणि अनामत परत मिळणार का. ‘अनलिमिटेड’ म्हणजे बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याला ३,३०० जीबी. साध्या घराला तेवढा कधी लागत नाही, त्याची चिंता नको. वेगाचंही तसंच. एका व्हिडिओ क्लासला २ ते ४ एमबीपीएस पुरतात, म्हणून तीन जणांच्या घराला ३० एमबीपीएस भरपूर झाले. १०० एमबीपीएस विकायला आलेल्याला नम्रपणे नको म्हणा.

गल्लीतल्या केबलवाल्याची लाइन बहुधा स्वस्त असते आणि माणूस ओळखीचा असतो, तो हाकेला येतो. पण तो रोख पैसे घेऊन बिल देत नसेल तर पुढे तक्रारीला आधार राहत नाही. जीएसटीचं बिल घ्याच. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरून ‘एक महिना फुकट’ घेण्याआधी एक महिना वापरून बघा, निदान एक मोठा पाऊस होऊ द्या.

भाड्याने राहतो, वस्तीत घर आहे. कागदपत्रं काय चालतात?

ओळखीला आधार बहुतेक ठिकाणी पुरतं. त्यावर गावचा पत्ता असेल तर इथल्या पत्त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार, वीजबिल किंवा झोपडपट्टीचा फोटोपास दाखवा. वीजबिल मालकाच्या नावावर असेल तर त्याचं संमतीपत्र जोडा. आधारच्या छापील प्रतीवर ‘फक्त इंटरनेट जोडणीसाठी’ असं आणि तारीख लिहून द्या.

शेजारच्या तीन घरांत मिळून एकच वाय-फाय वापरलं तर?

बिल वाटून घ्यायचा मोह होतो, पण घरगुती प्लॅनच्या अटींत जोडणी दुसऱ्याला देणं किंवा विकणं बसत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या लाइनवरून कुणी फसवणूक केली किंवा धमकीचा मेसेज पाठवला, तर पोलिसांना नाव दिसतं ते ज्याच्या कागदपत्रांवर लाइन आहे त्याचं. वस्तीत वाटून वापरायचा कायदेशीर रस्ता पीएम-वाणीचा आहे.

पीएम-वाणी म्हणजे काय, आणि आमच्या वस्तीत ते कसं सुरू करायचं?

केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेली सार्वजनिक वाय-फायची योजना. जुन्या पीसीओच्या धर्तीवर कुठलाही किराणावाला, चहावाला, सायबर कॅफे किंवा बचत गट ‘पब्लिक डेटा ऑफिस’ उघडू शकतो. त्याला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, सरकारी शुल्कही नाही. ग्राहकाची ओळख मोबाइलच्या ओटीपीने होते, त्यामुळे कोणी काय वापरलं याचा भार दुकानदाराच्या एकट्याच्या डोक्यावर राहत नाही.

सुरू करताना आधी दूरसंचार विभागाकडे नोंदलेल्या एखाद्या अ‍ॅग्रीगेटर कंपनीशी, म्हणजे अशा अनेक दुकानांचं वाय-फाय एकत्र सांभाळणाऱ्या कंपनीशी, करार करायचा. त्यांची यादी पीएम-वाणीच्या सरकारी संकेतस्थळावर आहे. मग ब्रॉडबँडची लाइन घ्यायची आणि अ‍ॅग्रीगेटर सांगेल तो अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पसरवणारं यंत्र, बसवायचा. घरचा साधा राउटर लावू नका. पंधरा-वीस फोन जोडले की तो दम टाकतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

पूर्वी ही योजना लाइनच्या किमतीवर अडायची. कंपन्या दुकानदाराला व्यावसायिक लीज्ड लाइन, म्हणजे एकाच ग्राहकासाठी राखून ठेवलेली लाइन, घ्यायला सांगत आणि तिचा खर्च कित्येक पटींनी जास्त असे. जून २०२५ मध्ये ट्रायने नियम केला की २०० एमबीपीएसपर्यंतचा घरगुती फायबर प्लॅन पब्लिक डेटा ऑफिसला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा महाग देता येणार नाही. म्हणजे ४९९ चा प्लॅन जास्तीत जास्त ९९८ ला. कंपनीच्या माणसाने ‘असं काही नसतं’ म्हटलं तर ट्रायच्या दर आदेशाच्या ७१ व्या दुरुस्तीचा उल्लेख करून लेखी उत्तर मागा.

नफ्याचं गणित बारीक आहे, हे आधीच समजून घ्या. ४० गिऱ्हाइकांनी महिन्यात पाच-पाच दिवस १० रुपयांचं कूपन घेतलं तर २,००० रुपये जमतात. त्यातून लाइन, जीएसटी, वीज आणि अ‍ॅग्रीगेटरचा वाटा जायचा. म्हणून हे स्वतंत्र धंदा म्हणून नाही, चालत्या दुकानाला किंवा अभ्यासिकेला जोड म्हणून करावं. जनता वसाहत किंवा अप्पर इंदिरानगरसारख्या दाट वस्तीत ते चालण्याची शक्यता जास्त, कारण एका अ‍ॅक्सेस पॉइंटच्या टप्प्यात पुष्कळ घरं येतात.

समाविष्ट गावांना भारतनेटचा लाभ मिळतो का?

भारतनेट ग्रामपंचायतींना फायबरने जोडतं. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली आणि तिथल्या ग्रामपंचायती संपल्या, त्यामुळे या गावांना शहर म्हणूनच वागवलं जाईल असं धरून चाला. मुळशी, वेल्हे, भोरकडे राहणाऱ्यांनी मात्र आपल्या ग्रामपंचायतीत भारतनेटची जोडणी चालू आहे का आणि गावातून घरगुती कनेक्शन कोण देतो, हे ग्रामसेवकांना विचारावं.

स्टेशनवरचं मोफत वाय-फाय?

पुणे आणि शिवाजीनगर स्टेशनवर रेलवायरची सेवा आहे. रोज पहिली ३० मिनिटं मोफत. फॉर्म भरायला, निकाल उतरवून घ्यायला ठीक. बँकेचे व्यवहार तिथे करू नका.

पत्र्याच्या घरात वाय-फाय पोचत नाही, आणि राउटरवर लाल दिवा लागतो.

या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पत्रा रेडिओ लहरी परत फेकतो. लोखंडी कपाटाचंही तेच. राउटर दाराजवळच्या टोकाला, पत्र्याला चिकटून बसवला तर आतल्या खोलीत काही पोचत नाही. तंत्रज्ञ लाइन टाकायला आला की तो सगळ्यात सोपी जागा पकडतो. त्याला थांबवा आणि दोन-तीन मीटर जास्त वायर घेऊन राउटर घराच्या मध्ये, डोक्याच्या उंचीवर बसवून घ्या. फोन लांबच्या खोलीत असेल तर ‘२.४’ लिहिलेल्या नेटवर्कला जोडा. ‘५’चं नेटवर्क वेगवान, पण भिंत ओलांडताना लवकर कमी होतं.

‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. राउटर दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. आधी घरातली पिवळी किंवा पांढरी बारीक वायर बघा. ती खिळ्याभोवती करकचून वळवलेली किंवा कपाटाच्या पायाखाली दबलेली असते. काचेची तार असल्याने तीव्र वळणातून प्रकाश बाहेर निसटतो. वळण सैल करा. तरी दिवा लाल असेल तर तक्रार नोंदवा. बाहेर उंदरांनी कुरतडलेलं असतं, रस्त्याच्या खोदाईत तुटलेलं असतं किंवा विजेच्या खांबावरच्या केबल काढताना कापलेलं असतं. दुरुस्तीला आलेल्याला फायबरमधला प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावून आकडा दाखवायला सांगा. उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असेल तर चांगलं. उणे २७ च्या खाली असेल तर आज चालेल आणि पावसात पुन्हा बंद पडेल, तेव्हा सांधा नव्याने करून घ्या.

लाइट गेली की परीक्षेच्या मध्येच नेट जातं. उपाय?

राउटरचा मिनी यूपीएस हजार-दीड हजारांत मिळतो. घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचे आकडे वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण अँपिअर १, १.५ किंवा २ असू शकतात. यूपीएसचे व्होल्ट तंतोतंत तेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत. व्होल्ट चुकले तर राउटर जळतो, आणि तो भाड्याचा असेल तर भरपाई तुमच्याकडूनच मागतात.

चार दिवस लाइन बंद आहे, कंपनी दाद देत नाही. पुढे काय?

फोनवर नुसतं बोलू नका, तक्रारीचा डॉकेट क्रमांक घ्या आणि एसएमएस जपा. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला अपील प्राधिकारी नेमावा लागतो. तक्रार सुटली नाही तर ३० दिवसांत त्याच्याकडे अपील करा. शुल्क नाही. त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. अपिलात डॉकेट क्रमांक, बंद असलेल्या तारखा आणि किती रकमेचा परतावा हवा हे तीनच मुद्दे लिहा. राग लिहिला की मुद्दा बाजूला पडतो.

सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ‘दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत’ असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात त्या चालतात हे स्पष्ट केलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला आयोगाचं शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. बिलं, डॉकेट क्रमांकाचे एसएमएस आणि लाल दिव्याचा तारीख-वेळेसह काढलेला फोटो एवढं जोडा.